अंडपेशीचा जुना बंदोबस्त

पेशी ऊर्जा तयार करते, तेव्हा ऑक्सिजनचे काही रेणू अर्धवट अवस्थेत निसटतात आणि शेजारच्या प्रथिनांना, मेदांना, डीएनएला इजा करतात. वार्धक्याचे खापर या ‘मुक्त मूलकां’वर फोडणारा सिद्धांत डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. त्याला वजन आले ते १९६९ मध्ये. त्या वर्षी ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना या रेणूंचा बंदोबस्त करणारे विकर सापडले.

स्त्रीबीजाकडे संशयाची सुई वळणे साहजिकच होते. ते बाईच्या जन्माआधीच तयार होते, विभाजन अर्ध्यावर सोडते आणि दशकानुदशके तसेच थांबते. तेवढा काळ गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना धरून राहायला हव्यात.

१९९६ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचे. गुणसूत्रे ओढून वेगळी करणारा तर्कू वयानुसार कसा बिघडतो, हे अमेरिकेत मानवी बीजांमध्ये तपासले गेले : विशीच्या पूर्वार्धातल्या स्त्रियांत १७ टक्के बीजांत दोष, चाळिशीच्या पूर्वार्धात ७९ टक्के. त्याच वर्षी व्हॅलेन्सियात हुआन तारीन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या बीजांवर ऑक्सिडीकारक रसायन सोडले. तर्कू विस्कटला, गुणसूत्रांची संख्या चुकली. अर्थात बशीतले रसायन म्हणजे वीस वर्षांचे वय नव्हे. पण धागा हाती लागला.

मग हे आक्रमक रेणू निष्प्रभ करणारी क आणि ई जीवनसत्त्वे भरपूर द्यावीत का? तारीन यांच्याच गटाने २००२ मध्ये दाखवले की मोठ्या मात्रेने उंदरांच्या माद्यांची प्रजननक्षमता उलट घटते. गोळ्यांच्या जाहिराती हा प्रयोग सांगत नाहीत.

पुढचा पुरावा फळमाशीने दिला. डार्टमथच्या शॅरन बिकेल यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये माशीच्या बीजांत तेच संरक्षक विकर कमी केले. गुणसूत्रांना जखडणारी पकड सैल झाली आणि वाटणीत चुका वाढल्या. २०१९ मध्ये उलटा प्रयोग केला : विकर वाढवले, तेव्हा वयाबरोबर वाढणाऱ्या चुका घटल्या.

खरी कलाटणी २०२२ मध्ये बार्सिलोनात मिळाली. तोवर सगळे विचारत होते, बीजाचे नुकसान कसे होते. एल्व्हान ब्यॉके यांच्या गटाने विचारले, इतकी वर्षे ते टिकते कसे? उत्तर पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांत सापडले. तिथल्या ऊर्जासाखळीची पहिली कडी, ‘कॉम्प्लेक्स वन’, हीच या आक्रमक रेणूंचा मोठा उगम. आणि झोपलेले कोवळे बीज ती कडी बनवतच नाही. बहुपेशीय सजीवांत असा काटकसरी कारभार पूर्वी फक्त बांडगुळाच्या एका युरोपीय जातीत माहीत होता.

बीज वाढीला लागले की कडी परत जोडली जाते. झेनोपस बेडकाच्या बीजांवर गटाने ती कडी बंद पाडणारी रसायने वापरली. कोवळी बीजे बहुतांशी तगली, वाढलेली मेली.