ग्रामीण युवा नेतृत्व म्हणजे काय?
ग्रामीण युवा नेतृत्व म्हणजे गावातील तरुणांनी सार्वजनिक कामाची जबाबदारी घेणे, लोकांना विचारून निर्णय करणे आणि त्याचा हिशेब देणे. सरपंच किंवा सदस्य होणे म्हणजेच नेतृत्व, हा समज स्वाभाविक आहे, कारण पद डोळ्यांना दिसते. पण ग्रामपंचायतीची निवडणूक एकविसाव्या वर्षी लढवता येते, तर ग्रामसभेत (गावच्या सर्व मतदारांची सभा) अठराव्या वर्षापासून बोलता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तरुण पालकांना आणि पाणीपुरवठा समितीत इतर तरुणांनाही पदाविना काम शिकता येते.

पद मिळाले तरी लोकांना विचारूनच काम टिकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार हे उच्चशिक्षित तरुण सरपंच झाले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाण्याचा ताळेबंद (उपलब्ध पाण्यानुसार पिके ठरवण्याचा हिशेब) गावाने सभेत मान्य केल्यामुळे टिकले.

नेतृत्व घडवण्याइतकेच ते टिकवणे अवघड असते. चक्राकार आरक्षणात (राखीव जागा निवडणुकीगणिक बदलण्याची पद्धत) पाच वर्षे काम शिकलेल्या तरुण सदस्येची जागा पुढच्या वेळी दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव होऊ शकते. आरक्षणामुळेच अनेकींसाठी दार उघडले, हेही तितकेच खरे. दही संपण्याआधी पुढच्या विरजणापुरते बाजूला ठेवावे लागते, तसे मावळत्या सदस्यांचे अनुभव समित्यांमधून नव्यांपर्यंत पोहोचवावे लागतात. शिवाय बिनमोबदल्याच्या कामावर घर चालत नाही. त्यामुळे रोजगारासाठी शहर गाठणाऱ्या तरुणांत गावाविषयी आस्था नसते, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.