कोष्टकाच्या रेषा

एखाद्या शाळेच्या वार्षिक परीक्षेचा निकाल संगणकाच्या पडद्यावर लागला आहे अशी कल्पना करावी. चाळीस विद्यार्थी, सहा विषय, आणि शेवटीं बेरजेचा रकाना. नांव डाव्या टोंकास, बेरीज उजव्या टोंकास. मध्यें रेषा एकहि नाहीं. बाप आपल्या मुलाच्या नांवावर बोट ठेवून उजवीकडे सरकूं लागतो, आणि चौथ्या रकान्याशीं पोंचेपर्यंत त्याची नजर एक ओळ खालीं घसरलेली असते. शेजारच्या मुलाचें नापास होणें मग याच्या घरीं येतें व घरांत नाहक रडारड होते. आंकडे बरोबर, बेरीज बरोबर. चूक काय ती एका केसाएवढ्या रेषेच्या अभावाची. उलटपक्षीं प्रत्येक घराभोंवतीं जाड काळी चौकट मारून ठेविली, तर आंकडे गजांआडच्या कैद्यांसारखे दिसूं लागतात आणि वाचणारा दहाव्या नांवापाशींच थकतो. औषधाच्या मात्रांचें कोष्टक किंवा आगगाडीचें वेळापत्रक असलें म्हणजे तर हा खेळ राहत नाहीं.

वेबच्या पानावरील कोष्टकाला ही रेषा मिळते कशी, हा विषय दिसावयास क्षुद्र आहे. परंतु त्यांत शिरून पाहिलें तर दोन बिऱ्हाडांमधील भिंतीच्या तंट्याइतकी गुंतागुंत आढळते.

जिनेव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांच्या हातून वेबचा जन्म झाला व १९९१ सालीं तें जगास खुलें झालें. पानें लिहिण्याची त्यांची जी एचटीएमएल नांवाची भाषा, तींत आरंभीं कोष्टकाची सोयच नव्हती. १९९५ मध्यें नेटस्केप या ब्राउझरच्या १.१ आवृत्तींत कोष्टकें दिसूं लागलीं, आणि मे १९९६ मध्यें डेव्ह रॅगेट यांनीं त्यांचे नियम लिहून प्रसिद्ध केले. त्या काळीं रेषा हवी असल्यास कोष्टकाच्या खुणेंतच 'बॉर्डर' हा शब्द व एक आंकडा घालीत. मग ब्राउझर आपल्या मर्जीप्रमाणें उठावदार, सावली पडल्यासारखी चौकट काढून देई. ती कोणास आवडो वा न आवडो, सर्वांच्या कोष्टकांना तोच एक पोषाख.

मजकूर एके ठिकाणीं असावा आणि त्याचा वेष दुसरीकडे, हा विचार नॉर्वेचे होकॉन व्हिउम ली यांनीं ऑक्टोबर १९९४ मध्यें मांडला. हॉलंडचे बर्ट बॉस हे त्यांस येऊन मिळाले. त्यांतून कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, म्हणजे सीएसएस, ही वेषभूषेची भाषा निघाली. तिची पहिली आवृत्ति डिसेंबर १९९६ मध्यें मान्य झाली, परंतु कोष्टकाचा स्वतंत्र विचार दुसऱ्या आवृत्तींत, मे १९९८ मध्यें, आला.

या भाषेंत रेषा मागावयाची तर तिची जाडी, जात आणि रंग सांगावयाचा. उदाहरणार्थ, 'बॉर्डर, वन पिक्सेल, सॉलिड, ब्लॅक'. प्रत्यक्षांत हे शब्द रोमन लिपींतच लिहावे लागतात. येथें केवळ उच्चार दिला आहे. पिक्सेल हें माप नाममात्र इंचाचा ९६ वा भाग धरलें जातें. जात म्हणजे रेषा सलग, तुटक, ठिपक्यांची कीं दुहेरी, हें. याखेरीज खोदल्यासारख्या व उठावाच्या चार जाती आहेत. त्या त्या जुन्या चौकटींच्या वारसदार होत, आणि त्यांवांचून कोणाचें अडत नाहीं. जाडी सांगावयाची राहिली तर मध्यम जाडी धरली जाते. रंग राहिला तर अक्षरांचाच रंग रेषेस मिळतो. परंतु जात सांगावयाची राहिली तर ती 'नाहीं' अशीच समजली जाते आणि रेषा मुळीं उमटतच नाहीं. नवशिक्या माणसाचा पहिला तास बहुधा येथें खर्ची पडतो. दुहेरी रेषा एका पिक्सेलमध्यें मागणारेहि असतात. दोन रेषा व मधली फट मिळून निदान तीन पिक्सेल तरी लागणारच.

दुसरा तास जातो तो असा. हौसेनें कोष्टकास रेषा सांगावी, तों बाहेरची चौकट तेवढी उमटते. आंतील घरें कोरडींच. कारण रेषा ही वारसाहक्कानें खालीं उतरणारी वस्तु नव्हे. बापास शेला दिला म्हणून मुलांच्या अंगावर तो येत नाहीं. म्हणून साध्या घरांना व मथळ्याच्या घरांना वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिली कीं रेषा उमटतात, पण आतां सगळीकडे दोन दोन! प्रत्येक घराची चौकट निराळी, आणि दोन चौकटींमध्यें सुमारें दोन पिक्सेलांची पांढरी फट.

येथें वाड्याची उपमा उपयोगी पडते. शेजारीं शेजारीं दोन घरें बांधावयाचीं तर दोन रीती आहेत. प्रत्येकानें आपली भिंत आपल्या जागेंत घालावी व मध्यें बोळ सोडावा, ही एक. दोघांत मिळून एकच सामाईक भिंत असावी, ही दुसरी. सीएसएसमध्यें 'बॉर्डर-कोलॅप्स' या गुणानें ही निवड होते. त्याची 'सेपरेट' ही किंमत म्हणजे बोळाची रीत आणि 'कोलॅप्स' म्हणजे सामाईक भिंतीची. १९९८ च्या नियमांत, कांहींच न सांगितल्यास सामाईक भिंत समजावी असें लिहिलें होतें. ब्राउझर मात्र पूर्वीपासूनच्या बोळाच्या वहिवाटीनेंच चालत. अखेर जून २०११ मध्यें मान्य झालेल्या २.१ या सुधारित आवृत्तींत बोळ हीच मूळ रीत ठरली. वहिवाटीपुढें कायद्यानें मान तुकविली, ही गोष्ट कांहीं वेबपुरतीच घडते असें नाहीं.

बोळाच्या रीतींत बोळाची रुंदी 'बॉर्डर-स्पेसिंग' या गुणानें ठरते. ती शून्य केली म्हणजे दोन भिंती एकमेकींस चिकटतात, पण राहतात दोनच. एका पिक्सेलची रेषा मग दोन पिक्सेलांची दिसते. इंटरनेट एक्सप्लोररला हा गुण २००९ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत कळत नव्हता, त्यामुळें कित्येक वर्षें जुन्या खुणांवरच काम भागवावें लागलें. या रीतींत आणखी एक मेख आहे. भिंती घरांना असतात, आळीला नसतात. म्हणजे आडव्या ओळीस किंवा उभ्या रकान्यास म्हणून सांगितलेली रेषा येथें सरळ दुर्लक्षिली जाते. निकालाच्या प्रत्येक ओळीखालीं एक बारीक रेषा असावी म्हणून ओळीस आज्ञा देणारा मनुष्य पडद्याकडे पाहत बसतो. आज्ञा बिनचूक असते, पण रीत दुसरी असते. 'कोलॅप्स' म्हटल्याबरोबर तीच रेषा उमटते.

सामाईक भिंत आली कीं तिच्या रंगाचा वाद आलाच. डावीकडचा म्हणतो तांबडी, उजवीकडचा म्हणतो निळी, ओळीचें म्हणणें तिसरेंच. हा वाद मिटविण्याचे नियम मात्र मोठे निःपक्षपाती आहेत. कोणीहि एकानें 'हिडन' म्हटलें तर रेषा काढावयाचीच नाहीं. त्याचा शब्द शेवटचा. उलट 'नन' म्हणणाऱ्याचा शब्द सर्वांत हलका. दुसऱ्या कोणी कांहीं मागितलें तर त्याचें चालतें. दोन्ही शब्दांचा अर्थ वरकरणीं सारखा, पण वजनांत हा एवढा फरक. मागणारे अनेक असले तर जाड रेषा जिंकते. जाडी सारखी असल्यास दुहेरी रेषा सलगीस, सलग तुटकीस व तुटक ठिपक्यांच्या रेषेस मागें सारते. जातहि सारखी असून केवळ रंगाचा वाद उरला, तर घराचा हक्क पहिला, मग ओळीचा, ओळींच्या गटाचा, रकान्याचा, रकान्यांच्या गटाचा, आणि सर्वांच्या शेवटीं संबंध कोष्टकाचा. जो प्रत्यक्ष राहतो त्याचें आधीं, मालकाचें मागाहून! दोन घरेंच समोरासमोर उभीं राहिलीं तर डावीकडून उजवीकडे चालणाऱ्या लिपींत डावें व वरचें घर जिंकतें.

हे नियम पाठ करण्याची जरुरी नाहीं, पण ते ठाऊक असल्यानें काम सोपें होतें. मथळ्याखालीं दोन पिक्सेलांची काळी रेषा व बाकीच्या ओळींखालीं एका पिक्सेलची करडी रेषा सांगितली, कीं जेथें दोन्ही भेटतात तेथें काळी आपोआप वरचढ होते. सामाईक भिंतीच्या रीतींत घरांचे कोपरे मात्र गोल करतां येत नाहींत. ती हौस असल्यास बोळाकडेच परतावें लागतें.

रेषा किती असाव्यात, याचें उत्तर जुन्या छापखान्यांत सांपडतें. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळीं रेषा म्हणजे धातूची पट्टी. आडवी पट्टी दोन ओळींमध्यें सुखानें बसे. उभी पट्टी मात्र ओळीओळींतून जुळवून घ्यावी लागे, आणि त्यामुळें कोष्टकाच्या जुळणीस मजुरीहि अधिक पडे. या अडचणीनें उभ्या रेषा कमी झाल्या व पानें अधिक सुंदर झालीं. आज पडद्यावर उभी रेषा फुकट मिळते, म्हणून तिची उधळपट्टी चालते. आंकडे उजव्या कडेस सरळ लाविले व 'पॅडिंग' या गुणानें घरांत चार-सहा पिक्सेलांची मोकळी जागा ठेविली, तर रकाना आपली कड आपणच दाखवितो. निकालपत्रकांत बेरजेच्या आधीं एक उभी रेषा पुरे.

रेषा ही डोळसांची सोय आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें. अंध मनुष्यास पान वाचून दाखविणारी यंत्रणा रेषा वाचीत नाहीं. मथळ्याचें घर मथळा म्हणून लिहिलें असेल तरच ती 'गणित, बहात्तर' असें सांगूं शकते. साध्या घरांतील अक्षरें ठळक करून व खालीं जाड रेषा ओढून केलेला मथळा डोळ्यांस फसवितो, पण त्या यंत्रणेस तो मथळा वाटत नाहीं, आणि ऐकणाऱ्यास नुसता बहात्तर ऐकूं येतो.

अलीकडे रेषांऐवजीं एकाआड एक ओळीस फिकट रंग देण्याची चाल पडली आहे. ती पडद्यावर खरोखरच डोळ्यांस सुखावह वाटते. परंतु तेंच पान कागदावर छापावयास गेलें कीं, पार्श्वभूमीचे रंग छापा असें मुद्दाम न सांगितल्यास, बहुतेक ब्राउझर ते वगळतात. रेषा मात्र छापल्या जातात. म्हणून रंगीत पट्ट्यांच्या निकालपत्रकांतहि ओळीखालचा तो एक पिक्सेल राहूं द्यावा, कारण बाप तें पत्रक छापून घरीं नेणार असतो.