गाड्या गेल्या, मग भाडं आलं

इस्तंबूलच्या युरोपीय भागातली ट्राम 1961 साली मोडीत निघाली, कारण मोटारींना रस्ता मोकळा हवा होता. 1990 साली त्याच शहराने इस्तिक्लाल या आपल्या सगळ्यात गजबजलेल्या बाजाराच्या रस्त्यावरून मोटारी हटवल्या आणि वर्षअखेरीस तिथे जुन्या घाटाची लाल ट्राम पुन्हा आणून सोडली. ताक्सिम चौक ते त्युनेल हे अंतर जेमतेम 1.4 किलोमीटर. आज तिथे सुट्टीच्या संध्याकाळी ट्रामला घंटा वाजवत गर्दीतून वाट काढावी लागते. बाजाराचा रस्ता पायी चालणाऱ्यांना दिला की काय काय घडतं, ते सगळं या एका रस्त्याच्या गोष्टीत सापडतं. त्यातलं निम्मं रस्त्यावर उभं राहून दिसतच नाही.

पहिलं न दिसणारं म्हणजे गेलेल्या गाड्या. त्या गेल्या कुठे? इस्तिक्लालला समांतर, उताराच्या बाजूला तार्लाबाशी नावाची वस्ती आहे. महापौर बेद्रेत्तिन दालान यांच्या काळात, 1986 ते 1988 दरम्यान, तिच्यातून एक रुंद हमरस्ता काढला गेला. त्यासाठी तीनशेहून जास्त इमारती पाडल्या. त्यात एकोणिसाव्या शतकातली कोरीव दगडी घरं होती. वाहनांना ही दुसरी वाट मिळाली म्हणूनच दोन वर्षांनी इस्तिक्लाल मोकळा करता आला. म्हणजे एका रस्त्यावरच्या निवांत पावलांची किंमत शेजारच्या वस्तीने आधीच चुकती केली होती. हमरस्त्यापलीकडे उरलेली तार्लाबाशी शहरापासून तुटली. भाडी पडली आणि पूर्वेकडून आलेली कुर्द कुटुंबं, रोमा लोक, हातावर पोट असलेले तिथे वसले. 2006 साली त्याच वस्तीचा काही भाग 'नूतनीकरण क्षेत्र' म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या काही वर्षांत या माणसांना घरं सोडावी लागली. इस्तिक्लालचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने हा हमरस्ता ओलांडून पलीकडे जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

इस्तिक्लालवरच्या इमारतीही आधी स्वस्त होत्या आणि त्याचं कारण दुःखद आहे. उस्मानी काळात हा 'जाद्दे-इ केबीर', म्हणजे मोठा रस्ता. ग्रीक, आर्मेनियन, ज्यू व्यापाऱ्यांची इथे दुकानं होती. सप्टेंबर 1955 मध्ये जमावाने ती फोडली, लुटली. 1964 साली हजारो ग्रीक नागरिकांना देश सोडायला लावलं. वरचे मजले रिकामे पडले, भाव उतरला, रस्त्याची रया गेली. त्यामुळे 1990 साली गाड्या हटल्या तेव्हा तिथे मोठी गर्दी आणि कमी भाडं यांचा विलक्षण योग जुळून आला. पुस्तकांची दुकानं, छोटी नाट्यगृहं, गाण्याचे अड्डे, चित्रकारांच्या खोल्या, बोळाबोळांतले मेयहाने, म्हणजे राकी आणि माशांचे गुत्ते, हे सगळं भराभर उगवलं. पायी चालणाऱ्याचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला अरुंद दारही दिसतं, जिन्यावरची पाटीही वाचता येते. छोट्या धंद्याला याहून मोठी जाहिरात नाही.

मग तोच चमत्कार उलटा फिरला. हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. रस्त्यावर माणसं वाढली की दुकानदाराचा गल्ला वाढतो. पण माणसं येतात ती त्या जागेपाशी, आणि जागा मालकाची. करार संपला की मालक पाहतो, आता या जागेला जास्तीत जास्त कोण देईल? मिठाईवाला देऊन देऊन किती देणार? त्याला रोजच्या विक्रीतूनच भाडं काढायचं असतं. शेकडो शाखांच्या कपड्यांच्या कंपनीला मात्र या एका दुकानात तोटा आला तरी चालतो. लाखो डोळ्यांसमोर झळकणारी पाटी ती जाहिरातीच्या खर्चात धरते. ही दोघं एकाच बोलीला बसली की निकाल आधीच ठरलेला असतो.

इन्जी हे 1944 सालचं मिठाईचं दुकान प्रोफितेरोलसाठी, चॉकलेटमध्ये बुडवलेल्या मऊ गोळ्यांसाठी, शहरभर प्रसिद्ध होतं. डिसेंबर 2012 मध्ये ते इस्तिक्लालवरच्या जुन्या जागेतून बाहेर काढलं गेलं आणि जवळच्या मिस गल्लीत गेलं. त्याच इमारतसमूहातलं एमेक हे 1924 सालचं चित्रपटगृह. ते वाचवायला एप्रिल 2013 मध्ये माणसं जमली, दिग्दर्शक कोस्ता गाव्रास त्यांच्यात होते. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले. महिन्याभरात पाडकाम झालं. नव्या मॉलच्या वरच्या मजल्यावर जुन्या सभागृहाची प्रतिकृती बसवली आहे. त्याच सुमाराला कायदाही बदलला होता. 2012 साली लागू झालेल्या नव्या तरतुदींनुसार मुदतवाढीची दहा वर्षं भरली की मालकाला कारण न देता करार संपवता येतो. दशकानुदशकं एकाच जागी बसलेल्या दुकानांवर हा घाव थेट पडला.

मे 2013 च्या अखेरीस रस्त्याच्या वरच्या टोकाला गेझी उद्यानात जे आंदोलन पेटलं, ते ताक्सिमच्या 'पादचारीकरण' प्रकल्पातून. वाहतूक भुयारात घालायची, चौक पायी चालणाऱ्यांना द्यायचा, आणि उद्यानाच्या जागी जुन्या बराकीची नक्कल उभारायची, जिच्यात मॉल येणार अशी चर्चा होती. रोज इस्तिक्लालवरून चालणारी माणसंच याविरुद्ध उभी राहिली. त्यांना चालायला जागा नको होती असं नाही. ही जागा नंतर कुणाच्या हाती जाते, हे त्यांनी एका रस्त्यावर वीस वर्षं पाहिलं होतं.

पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळतात आणि लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा त्या दिवशी वाहनांसाठी बंद असतो. तो कायम बंद व्हावा या मताचा मी आहे. पण इस्तिक्लालची गोष्ट कळल्यावर लक्ष्मी रस्त्याकडे पाहताना मन दुकानांच्या काचांवरून त्यांच्या करारांकडे जातं. पागडीवरच्या जुन्या भाडेकरूला 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कवच आहे. मात्र एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या त्यातून वगळल्या आहेत. शेजारीच लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेल्या दुकानाला हे कवच नाही. मुदत संपली की तो गाळा खुल्या बाजारात. फुटपाथवर बसणाऱ्यांसाठी 2014 चा फेरीवाला कायदा आहे आणि त्यातल्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. रस्त्याचा आराखडा काढतानाच ही समिती टेबलाशी बसली आणि कोणता गाळा कोणत्या करारावर आहे याची यादी झाली, तर गाड्या गेल्यानंतर दहा वर्षांनी तिथे कोण उरेल, हे दगड बसवण्याआधीच बऱ्यापैकी सांगता येईल.