माउंट : एका वाटेवरची दोन राज्यं

देवासमध्ये १९४८ पर्यंत एकाच गावात दोन राज्यं नांदत होती. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या घराण्यांची, एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. दरबार वेगळे, राजवाडे वेगळे. काही रस्त्यांवर तर दोन बाजूंच्या दिव्यापाण्याची व्यवस्थाही वेगवेगळ्या राज्यांकडे. धारलाही पवारांचीच गादी, पण तिथे राज्य एकच. देवासच्या माणसाचा पाय मात्र बाजारात चालता चालता सीमा ओलांडून जाई आणि कुठे अडखळत नसे. युनिक्सवर पेनड्राइव्ह उघडतो तेव्हा काय घडतं, हे सांगायला याहून नेमका दाखला मला सापडलेला नाही.

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला डी, ई, एफ असं वेगळं अक्षर मिळतं. युनिक्समध्ये सगळ्या फोल्डरांचं मूळ एकच. बाहेरून आलेली डिस्क त्यातल्याच एखाद्या फोल्डरवर जोडायची, की तिच्या फाइली तिथे दिसू लागतात. हे काम करणारी कमांड म्हणजे माउंट. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ती आहे. तेव्हा पेनड्राइव्ह नव्हते, काढता-घालता येणारे डिस्क पॅक होते. माध्यमं किती बदलली, पण कमांडचा प्रश्न तोच राहिला : कोणती डिस्क, आणि कुठे जोडू?

आज लिनक्सवर पेनड्राइव्ह लावला की ‘एलएसबीएलके’ कमांडच्या यादीत बहुधा एसडीबी आणि त्याखाली एसडीबी१ दिसतं. पहिली अख्खी डिस्क, दुसरा तिच्यावरचा विभाग. माउंट करायचा तो साधारणपणे विभाग. नवखा माणूस इथेच चुकतो. ज्या फोल्डरवर जोडलं त्यात आधीच काही फाइली असतील तर त्या दिसेनाशा होतात. घाबरू नये, डिस्क उतरवली की त्या जशाच्या तशा दिसतात. डेस्कटॉपवर हे सगळं आपोआप होतं, पण आत काय चाललंय ते ठाऊक असलं की अडल्यावर हात चालतो.

वाट एक असली तरी दप्तरं दोन. प्रत्येक फाइलसिस्टीम आपल्या फाइलींना आपले क्रमांक देते. थोरल्या पातीच्या दप्तरात धाकट्या पातीच्या घराची नोंद लागत नाही. म्हणून एका डिस्कवरच्या फाइलीची हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलीला दिलेलं दुसरं नाव, दुसऱ्या डिस्कवर करता येत नाही. त्याच डिस्कवर फाइल हलवली तर क्षणात हलते, कारण फक्त नोंद बदलते. पेनड्राइव्हवर हलवायची तर आधी सगळी नक्कल होते, मग मूळ पुसलं जातं.

सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते यूमाउंटबद्दल, म्हणजे डिस्क उतरवणाऱ्या कमांडबद्दल. कॉपी झाली असं पडद्यावर दिसलं तरी मजकुराचा काही भाग मेमरीतच थांबलेला असू शकतो. यूमाउंट तो डिस्कवर उतरवते, मगच सोडते. ‘टार्गेट इज बिझी’ असं उत्तर आलं तर एखादी उघडी फाइल किंवा त्याच फोल्डरात उभं असलेलं टर्मिनल शोधावं. ‘एलएसओएफ’ ते दाखवते. लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर देणाऱ्या प्रत्येक स्टुडिओनं आणि सायबर कॅफेनं एवढी सवय लावून घ्यावी. ओढून काढलेल्या पेनड्राइव्हवर एखाद्या घराचा एकुलता एक अल्बम असू शकतो.

देवास हे कुमार गंधर्वांचं गाव; १९४८ ते १९९२ ते इथेच राहिले. मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणं जपणाऱ्यांनी तर एक गोष्ट पाळावीच. जुनी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह ‘आरओ’ पर्याय देऊन, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, माउंट करावा. सीडी कुरकुरायला लागली असेल तर ‘डीडीरेस्क्यू’नं तिची अख्खी प्रतिमा एका फाइलीत उतरवून घ्यावी. ती फाइलच ‘लूप’ पर्यायानं डिस्क म्हणून माउंट होते. मूळ सीडीला पुन्हा पुन्हा हात लावावा लागत नाही.

पेनड्राइव्हवर देवनागरीत लिहिलेली ‘मालकंस’, ‘भूप’ ही नावं कधी कधी नुसती प्रश्नचिन्हं होऊन समोर येतात. अशा वेळी घाईनं नावं बदलू नयेत. फॅट पद्धतीच्या डिस्कवर लांब नावं युनिकोडमध्येच साठवलेली असतात, ती शाबूत आहेत. डिस्क उतरवावी, ‘आयओकॅरसेट’ला ‘यूटीएफ८’ देऊन पुन्हा माउंट करावी, आणि मग यादी वाचावी.