मळणीयंत्राचे तोंड

चैत्र सरता सरता पुण्यामुंबईच्या गृहिणी वर्षाचा गहू भरावयास निघतात, तेव्हा वाण्याकडे ‘एमपी सिहोर’ची चौकशी पहिल्याने होते, परंतु तो गहू कोणत्या जमिनीत पिकतो आणि कोणाच्या हातांतून पोत्यात उतरतो, याविषयी आपणांस फारशी माहिती नसते, म्हणून संपादकांनी ऐन सुगीत भोपाळला जाण्याची सूचना केली. सिहोरला न जाता भोपाळ का, असा प्रश्न साहजिक आहे. 1972 पर्यंत भोपाळ शहर सिहोर जिल्ह्यातच मोडत असे. जिल्ह्याची हद्द कागदावर बदलली, काळी माती मात्र तीच राहिली.

बाग सेवनिया हे आज भोपाळचे एक उपनगर आहे. नवाबांचे संस्थान 1 जून 1949 रोजी भारत सरकारच्या ताब्यात आले, 1956 मध्ये भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले, 1970 साली विद्यापीठ आले आणि अलीकडे जवळच ‘एम्स’ रुग्णालयाच्या इमारती उभ्या राहिल्या. या प्रत्येक टप्प्यावर शहर या बाजूच्या शिवारात थोडे थोडे पुढे सरकत गेले. ज्या कुटुंबाकडे मी गेलो, त्यांचे घर जुन्या वस्तीतील गल्लीत आहे, आणि खसऱ्यावर, म्हणजे तिकडच्या जमिनीच्या नोंदीत, त्यांच्या नावे उरलेली जमीन दक्षिणेस, कटाऱ्याच्या टेकड्यांपलीकडे आहे. घरातील माणसे रोज पहाटे वसाहतींच्या बंद फाटकांसमोरून शेताकडे जातात.

उन्हाळ्यातला त्यांचा दिवस दोन भागांत विभागलेला असतो. कापणी पहाटेची, कारण दवाने काड नरम असते आणि ओंब्यांतून दाणा झडत नाही. मळणी मात्र दव पूर्ण उडून ऊन तापल्यानंतरची, कारण ओलसर काड यंत्राला मानवत नाही. त्यामुळे ज्या प्रहरी जनावरेसुद्धा सावली सोडीत नाहीत, त्याच प्रहरी माणसाने धूळ, भूस आणि यंत्राचा कर्कश घोष यांच्यामध्ये उभे राहावयाचे. स्त्रिया तिसऱ्या प्रहरापासून धान्य वाळवतात, पोती शिवतात, भुसा कोठ्यात भरतात. घरच्या खाण्याचा गहू कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून वेगळा ठेवला जातो. मे महिन्यात खोल नांगरट होते, म्हणजे तणांची मुळे आणि किडींचे कोष उन्हात करपून जावेत. मग शेणखत पडते, आणि पावसाची चाहूल लागताच सोयाबीनची तयारी सुरू होते. विश्रांतीचे म्हणावेत असे दिवस या वेळापत्रकात मला तरी आढळले नाहीत.

आपल्याकडे पूर्वी खळ्याच्या मधोमध तिवडा रोवून बैलांची पात हाकीत, आणि वावडीवर उभे राहून वाऱ्याच्या भरवशावर धान्य उफणीत. 1966 साली मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचे बियाणे या देशात आले, उत्पन्न वाढले, आणि बैलांच्या खुरांना ती रास वेळेत मळून होईना; थ्रेशर खेडोपाडी पसरला तो या निकडीतून. सिहोरकडच्या शरबती गव्हाचे पारंपरिक वाण मात्र उंच वाढणारे, कोरडवाहू. त्याचे लांब काड वाया जाऊ नये, गुरांसाठी त्याचा भुसा व्हावा, म्हणून या घराने कापणी आणि मळणी एकदम उरकणारे कंबाइन हार्वेस्टर आजवर शेतात येऊ दिलेले नाही. ते यंत्र काड उंचावरून छाटते आणि खुंट मागे सोडते. त्या खुंटांना, म्हणजे तिकडच्या भाषेत नरवाईला, आग लावण्याचा प्रघात सगळ्या प्रांतात पडला आहे, आणि तिच्यात मातीतले जीव व सेंद्रिय द्रव्य दोन्ही जळून जातात.

थ्रेशरची रचना पाहिली तर सरळ आहे. ट्रॅक्टरच्या बळाने फिरणारा, दातेरी खुंट्यांचा एक ढोल. त्याखाली लोखंडी जाळी. ढोल काडाला झोडून त्याचा भुसा करतो, पंखा तो भुसा दूर फेकतो, आणि हलणाऱ्या चाळण्यांवरून गहू खाली पडतो. यातले खरे कौशल्य यंत्राच्या तोंडापाशी उभ्या असलेल्या माणसाचे. रायसेनकडून दर सुगीला येणारा चाळिशीतला एक मजूर येथे ते काम करतो. त्याची नजर पेंढ्यांवर असते आणि कान ट्रॅक्टरच्या आवाजावर. आवाज किंचित जड झाला की त्याचा हात थांबतो, हलका झाला की पुढची पेंढी ओंब्यांकडून आत जाते. तंबोऱ्याची तार लावणाऱ्याची एकाग्रता त्याच्या ठायी मला दिसली. “पेंढी दमट असली तर हाताला आधी कळतं, साहेब,” तो म्हणाला, “पण तोवर ती आत ओढली जात असते.”

त्या एका वाक्याने माझे सारे लक्ष यंत्राच्या तोंडाकडे वेधले गेले. ढोलाच्या अलीकडे पत्र्याची एक पन्हळ असते, तिच्यातून पेंढी आत सारतात. ती किमान 900 मिलिमीटर लांब असावी आणि ढोलाकडील निदान 450 मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानकात नमूद आहे. उभ्या माणसाचा हात खुंट्यांपर्यंत पोहोचूच नये, एवढाच या मापांचा हेतू. 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, आणि त्याच्या कक्षेत आणावयाच्या यंत्रांत थ्रेशर अग्रभागी होता, कारण या यंत्रात बोटे, पंजे, सबंध हात गमावलेले मजूर तेव्हाही थोडे नव्हते. भोपाळच्याच बैरसिया रस्त्यावर, नबीबाग येथे, 1976 पासून केंद्रीय कृषि अभियांत्रिकी संस्था आहे, आणि शेतीकामातील सुरक्षिततेच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचे समन्वयन तेथूनच चालते. कायदा आहे, माप आहे, संशोधनही आहे. तरीही कित्येक खळ्यांवर ती पन्हळ आखूड केलेली किंवा अजिबात काढून टाकलेली दिसते.

त्याची कारणे दुष्टपणाची नाहीत, म्हणूनच ती अधिक काळजीत टाकतात. यंत्र तासाच्या भाड्यावर येते आणि लांब पन्हळीतून काम सावकाश होते. मसूर, हरभऱ्यासारखे आखूड पीक तिच्यातून पुढे सरकत नाही, हाताने रेटावे लागते. वळिवाची भीती असली की मळणी रात्रीही चालू राहते, आणि दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला बाराव्या तासाला झापड येते. सैल बाही, खांद्यावरचा गमछा, पेंढ्या देणाऱ्या बाईच्या हातातील कडे, यांतले काहीही निमित्त पुरते. शिवाय मजूर परगावचा, त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते. हात गेल्यावर भरपाईची दाद मागावयाची ती कोणत्या कागदाच्या आधारे, हे त्याच्या घरच्यांस ठाऊक नसते. ज्या यंत्राने लाखो बैलांचे कष्ट वाचविले, ते चालवणाऱ्या माणसाची किंमत आपण मळणीच्या खर्चात अजून धरलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या घरातील वृद्ध अम्मांनी मात्र एक नियम घालून दिला आहे. भाड्याचे यंत्र अंगणात शिरले की त्या काठी टेकीत जातात आणि पन्हळ स्वतः पाहतात. ती नसेल तर यंत्र परत जाते, मग आकाशात कितीही ढग जमलेले असोत. “गहू भिजला तर पुन्हा वाळेल, भैया,” एवढेच त्या म्हणाल्या.

शहर कटाऱ्यापलीकडेही वाढत आहे आणि ही जमीन किती वर्षे शेती म्हणून राहील, हे तेथील कोणीही छातीठोकपणे सांगत नाही. शरबती गव्हाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याने शेताच्या बांधावर आलेली वसाहत थांबणार नाही. ते आपल्या हाती नाही. परंतु ज्या मराठी वाचकांची गावाकडे जमीन आहे, ज्यांच्या नावावर सातबारा आहे आणि ज्यांच्या शिवारात दर सुगीला भाड्याचे मळणीयंत्र येते, त्यांच्या हाती एक गोष्ट निश्चित आहे. यंदा यंत्र आले की भाव ठरवण्याआधी त्याचे तोंड पाहा, पन्हळीवर टेप लावा, आणि माप कमी भरले तर यंत्र सुरू होऊ देऊ नका.