गावची शाळा, तिचा निधी आणि गावातील रोजगार

शाळेला मिळणारे अनुदान हा एक प्रश्न आणि गावातील तरुणांना मिळणारे काम हा दुसरा प्रश्न, अशी विभागणी शासकीय दप्तरात फार पूर्वीपासून झालेली आहे. पहिल्याची नस्ती शिक्षण विभागाकडे, तर दुसऱ्याची अन्य विभागांकडे असते. प्रत्यक्षात ग्रामीण महाराष्ट्रात हे दोन्ही प्रश्न एकाच आकड्याशी बांधले गेले आहेत. तो आकडा म्हणजे ३० सप्टेंबर रोजी शाळेच्या पटावर असलेली विद्यार्थिसंख्या. या संख्येवर शाळेची संचमान्यता होते, म्हणजेच शिक्षकांची पदे ठरतात, आणि पटाच्याच प्रमाणात शाळेला वार्षिक अनुदान मिळते. पट मात्र गावात काम किती आहे यावर पुष्कळसा अवलंबून असतो.

समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदानाचे उदाहरण घेता येईल. पट ३० पर्यंत असल्यास वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५ हजार, १०१ ते २५० पर्यंत ५० हजार, अशी त्याची रचना आहे. खडू, हजेरीपत्रके, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, पाणी आणि स्वच्छता हे सर्व याच रकमेतून भागवावयाचे असते. त्यातही किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखावी लागते. पट २८ असलेल्या शाळेला याचा अर्थ महिन्याला सुमारे साडेआठशे रुपये. पट २८ असो वा ९०, छप्पर तेवढेच गळते आणि विजेचा स्थिर आकारही टळत नाही. रक्कम हप्त्यांनी येते, आणि पुष्कळदा आर्थिक वर्ष सरत आल्यावर येते. लोकवर्गणीतून संगणक व प्रक्षेपक मिळविलेल्या कित्येक शाळांत ती उपकरणे थकलेल्या वीजबिलापायी झाकून ठेवावी लागली, हे शिक्षकवर्गास सांगावयास नको.

शिक्षकांच्या पदांचेही असेच आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पर्यंत तीन शिक्षक मिळतात. दोन कुटुंबे गाव सोडून गेली तर एक पद जाऊ शकते. परंतु रोजगाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती याच अनुसूचीतील एक तरतूद, जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांकरिता अंशकालीन निदेशक द्यावयाचे आहेत. मात्र त्या वर्गांतील मुलांची संख्या शंभरांहून अधिक असली पाहिजे. डोंगराळ व दुष्काळी भागातील बहुसंख्य शाळा ही अट कधीच पुरी करू शकत नाहीत. हाताने काम करण्याचे पद्धतशीर शिक्षण ज्या गावांना सर्वाधिक हवे, तीच गावे अशा रीतीने नियमानेच त्यापासून दूर राहतात. जेथे संख्या पुरेशी होती, तेथेही निदेशकांच्या नेमणुका तुटपुंज्या मानधनावर झाल्या आणि अखंड चालू राहू शकल्या नाहीत.

पट का घटतो

पट घटण्याची कारणे एकच नाहीत. जन्मदर कमी झाला आहे, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांची वाहने आता वाड्यावस्त्यांपर्यंत येतात. तरीही स्थलांतराचा वाटा मोठा आहे आणि त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईकडे किंवा मराठवाड्यातून पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याकडे कायमचे गेलेले कुटुंब मुलाचा दाखला काढून नेते. पट उतरतो, अनुदान व पद कमी होते. दुसरा प्रकार हंगामी आहे. बीड, अहिल्यानगर व शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. सप्टेंबरअखेर त्यांची मुले पटावर असतात, म्हणून कागदावर शाळा भरलेली दिसते. पुढे पाच-सहा महिने बाके रिकामी राहतात. यावर उपाय म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत हंगामी वसतिगृहे चालविण्यात आली. आई-वडील फडावर आणि मूल गावात राहून शाळेत, ही कल्पना उत्तम. पण मंजुरी व रक्कम हंगामाच्या आरंभीच हाती आली नाही, तर बैलगाडीबरोबर निघून गेलेले मूल मध्येच परत आणणे जवळजवळ अशक्य होते.

शाळा स्वतःच रोजगार देणारी संस्था आहे, हेही विसरून चालणार नाही. पोषण आहारासाठी पहिल्या २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० पर्यंत दोन आणि त्यापुढे दर शंभर मुलांमागे एक, याप्रमाणे स्वयंपाकी-मदतनीस नेमले जातात. मानधन अल्प असले तरी अनेक भूमिहीन व विधवा स्त्रियांचे ते हक्काचे उत्पन्न असते. पट २६ वरून २५ वर येणे याचा अर्थ एका घराची चूल मंदावणे असा असतो. शिक्षकभरतीविषयी तर वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. २०१२ पासून राज्यात शिक्षकभरती जवळजवळ थांबली. २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी होऊन ती पवित्र प्रणालीद्वारे पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात डी.एड. झालेली ग्रामीण मुले-मुली वयोमर्यादेच्या चिंतेत अन्य कामाला लागली आणि कितीतरी अध्यापक विद्यालये बंद पडली. शेतकरी व कारागीर कुटुंबातील हुशार मुलीला गावाजवळ मिळू शकणारी जी एक प्रतिष्ठेची नोकरी होती, तिचा मार्ग त्या वर्षांत अरुंद झाला.

खुद्द गावात निघणाऱ्या जागांसाठीही आता शिक्षणाची अट वाढलेली आहे. पोलीस पाटलास दहावी उत्तीर्ण असावे लागते. २०२३ पासून अंगणवाडी सेविका व मदतनीस या दोन्ही पदांसाठी बारावीची अट आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील बहुतेक व्यवसायांना दहावी लागते. गणित-विज्ञानाचा शिक्षक नसलेल्या शाळेतून सातवीपर्यंत रेटत आलेले मूल नववी-दहावीत गळते, आणि मग गावात जागा निघाली तरी तिला पात्र उमेदवार गावात सापडत नाही.

पाबळचा अनुभव

शाळा आणि काम यांची सांगड घालण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि प्रत्यक्ष शिक्षणासाठी शाळेला लहानशी नमुना-शेती जोडावी, असे सुचविले होते. सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार त्याच निवेदनात आहे.

आपल्या काळात या विचाराला व्यवहार्य रूप मिळाले ते पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उद्योगक्षेत्रातील संशोधनकार्य सोडून १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आकारास आला. आठवड्यातील एक दिवस मुलांनी हाताने काम करावयाचे, आणि तेही एकाच धंद्याचे नव्हे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन असे चार विभाग. वेल्डिंग करणारी मुलगी माती तपासते आणि वीजजोडणी करणारा मुलगा रक्तगट तपासण्यास शिकतो. शिकविणारे निदेशक शक्यतो परिसरातीलच कारागीर असतात. मुलांनी केलेले काम गावाला सेवा म्हणून पुरविले जाते आणि तिच्या मोबदल्यातून साहित्याचा काही खर्च निघतो. काही म्हणजे सर्व नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. अवजारे एकदाच घ्यावी लागतात. निदेशकाचे मानधन आणि कच्चा माल यांची तरतूद मात्र दरवर्षी करावी लागते, आणि अभ्यासक्रम टिकतो किंवा बंद पडतो तो याच आवर्ती खर्चावर.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम शिकण्याची संधी द्यावी असे सांगितले आहे. सुताराने दहा दिवस आपले काम बाजूला ठेवून मुलांना शिकवावयाचे, तर त्याची मजुरी कोणत्या शीर्षाखाली खर्च टाकावयाची, हे मुख्याध्यापकाला स्पष्ट असले पाहिजे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च १९८५-८६ पर्यंत व्हावा, अशी कोठारी आयोगाची शिफारस होती. सहा टक्क्यांचे ते उद्दिष्ट २०२० च्या धोरणातही आहे आणि देशाने ते अद्याप गाठलेले नाही. वरून येणारा पैसा अपुरा राहणार असे गृहीत धरूनच सध्या तरी गावाला आखणी करावी लागते.

त्यासाठी साधने अगदीच नाहीत असे नाही. राज्याने १९६२ साली बसविलेल्या शिक्षण उपकराला पुढे रोजगार हमीची जोड मिळाली आणि एकाच अधिनियमाखाली दोन्ही उपकर घेतले जाऊ लागले. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय १७ वा, आणि तांत्रिक प्रशिक्षण व व्यवसाय शिक्षण १८ वा आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात आरोग्य, शिक्षण व उपजीविका यांसाठी निधीचा वाटा एकत्रच राखण्यात आला होता. दुसरीकडे शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो आणि तोच अनुदानाचा आधार मानला जातो. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि शाळेचा आराखडा हे दोन्ही तयार होतात, परंतु बहुधा वेगवेगळ्या बैठकांत व वेगवेगळ्या वहीत. शाळेचा आराखडा ग्रामसभेपुढे ऑक्टोबरातच आला, तर कार्यशाळेची अवजारे, कारागिराचे मानधन, वीजबिल आणि हंगामी वसतिगृहाची पूर्वतयारी या चार बाबी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात वेळेवर घेता येतात, आणि नव्या वर्षाचा पट मोजला जाईपर्यंत पुढच्या ३० सप्टेंबरला त्यांची अंमलबजावणी सुरू झालेली असते.