इंजिनाच्या अंगावरील काजळी

बेंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. १८८२ साली डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही वसाहत वसविण्यात आली. त्या काळी या समाजातील पुष्कळ माणसे देशभर रेल्वेत ड्रायव्हर, फायरमन वा गार्ड म्हणून राबत. आज तेथे संगणक-उद्योगाच्या उंच इमारती आहेत आणि २०२३ पासून मेट्रोही धावू लागली आहे. वाफेचे इंजिन मात्र तेथील रुळांवरून केव्हाच नाहीसे झाले. अशा स्थानकाची छोटी प्रतिकृती कोणी करू म्हटले, तर तीत दुकानातून आणलेले चकचकीत इंजिन शोभत नाही. त्याला राबलेल्या यंत्राची कळा आणावी लागते. ही केवळ रंग फासण्याची कला नव्हे. इंजिनाच्या अंगावरील प्रत्येक डागाला कारण असते, आणि ते उमगल्यावाचून कुंचला उचलण्यात अर्थ नाही.

१९४७ साली भारतात आलेल्या डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाचे उदाहरण घ्यावे. बंदुकीच्या गोळीसारखे नाक आणि त्यावरील तारा ही त्याची ओळख. धुराड्यातील काजळी वाऱ्याने मागे लोटली जाऊन बॉयलरच्या पाठीवर व ड्रायव्हरच्या खोलीच्या छपरावर बसे. क्षारयुक्त पाणी जेथे झिरपे, तेथे पाणी आटून पांढरे ओघळ मागे राहत. तेव्हा ते झडपा व सांधे यांच्या खालीच दिसले पाहिजेत. ब्रेक घासून निघालेला लोखंडाचा भुगा गंजून चाकांभोवती तपकिरी थर धरी. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर वंगण व धूळ मिसळून काळे कीटण साचे. ज्या कठड्याला धरून फायरमन रोज वर चढे, तो मात्र हातांच्या घर्षणाने लखलखीत राही.

तळाशी बसलेली धूळ इंजिनाचा मुलूख सांगते. व्हाइटफील्डच्या परिसरात ती तांबूस असावयास हवी, सोलापूरकडे काळसर, तर माथेरानच्या घाटात जांभ्या दगडाच्या रंगाची.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. संयम तेवढा अवघड. प्रथम इंजिनाची चमक मारणारा निस्तेज वार्निशचा हात द्यावा. तो वाळल्यावर पातळ केलेला काळा-तपकिरी रंग लावून फडक्याने वरून खाली पुसावा, म्हणजे तो खाचांत उरतो. काजळी व धूळ यांसाठी रंगीत खडूची पूड मऊ कुंचल्याने बसवावी. येथे प्रमाणाचे भान हवे. ८७ पट लहान प्रतिकृतीत मूळचा एक इंच रुंद ओघळ अवघा ०.३ मिलिमीटर होतो. निव्वळ काळा रंगही वापरू नये; त्यात थोडा करडा मिसळावा, कारण दुरून पाहिलेला काळा रंग फिकाच भासतो.

भारतात ब्रॉड गेजवरील वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक १९९५ साली संपली. संग्रहालयांतील इंजिनांना गंजापासून वाचविण्यासाठी रंग द्यावाच लागतो. परंतु त्या रंगाखाली क्षारांचे ओघळ आणि वंगणाचे कीटण झाकले जाते, आणि त्यांबरोबर भट्टीत कोळसा ओतणाऱ्या माणसाचे श्रमही. जुनी छायाचित्रे बहुधा कृष्णधवल. त्यांतून डागाची जागा कळते, रंग कळत नाही. तो सांगू शकतील अशी माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. म्हणून अशी प्रतिकृती करणाऱ्याने रंगाची डबी उघडण्यापूर्वी एखाद्या निवृत्त फायरमनला गाठावे आणि पांढरे ओघळ नेमके कोठे उमटत, हे त्याला विचारून घ्यावे.